तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे?



आयोजकांनी आम्हाला विषय दिला तो ‘शाळेतील मुलांची सुरक्षा’ असा. आम्ही त्यात थोडी भर घातली आहे. मुलाला शाळेत जेवायला काय मिळतं, शाळा किती वाजता भरते, अंगावरचा गणवेश कोण शिवून देतं आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी कोण उभं असतं, हे सगळे आमच्या मते एकाच प्रश्नाचे भाग आहेत. तो प्रश्न असा: शाळेतल्या मुलांबद्दलचे निर्णय घेतं कोण, आणि ते निभावतं कोण?

आम्ही म्हणजे काही पालक, काही नोकरीतले आणि काही निवृत्त शिक्षक. गेली काही वर्षं आम्ही शालेय शिक्षण विभागाचे शासननिर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो ते, एकत्र बसून वाचतो. फारसं मनोरंजक वाचन नाही ते. (हशा) पण हळूहळू त्यांतलं एक सूत्र दिसायला लागलं, आणि आज तेवढंच सांगायचं आहे. ते सूत्र असं की मुलांच्या सुरक्षेचे आणि आरोग्याचे खरे निर्णय ‘सुरक्षा’ किंवा ‘आरोग्य’ या मथळ्याखाली होतच नाहीत. ते होतात पदं, निविदा, दर आणि खोल्या या मथळ्यांखाली. आणि ज्या कागदावर ‘सुरक्षा’ लिहिलेलं असतं, त्यात बहुतेक वेळा सूचना असतात. निर्णय त्याच्या आधीच, दुसऱ्या कुठल्या तरी फायलीत होऊन गेलेला असतो.

‘बोर्डाची शाळा’ गेली कुठे?

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ‘बोर्डाची शाळा’ असा शब्द असे. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डं आणि नगरपालिका यांच्याकडे दिला, तिथून हा शब्द रुळला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातली बोर्डाची शाळा ‘झेडपीची शाळा’ झाली. शहरांत पालिकांची शिक्षण मंडळं पुढेही बरीच वर्षं चालू राहिली. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधावा लागेल. बदल्या, खरेदी, ठेकेदार, एवढ्याच कारणांसाठी ती बातम्यांत यायची. २०१३ साली राज्यानं कायद्यात दुरुस्ती करून ती मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा कुणी फारसं हळहळलं नाही.

आम्हीही त्या मंडळांची आठवण काढून उसासे टाकायला आलेलो नाही. पण त्यांच्याबरोबर एक गोष्ट गेली. शाळेच्या छपरातून पाणी गळतंय, नळाला पाणी नाही, हे सांगायला पालकाकडे एक ओळखीचं दार होतं. आत बसलेला माणूस कसाही असो, त्याला पुढच्या निवडणुकीत मतं मागायला यायचं असायचं. आता ते दार कुठे आहे? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदा अशाच वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. म्हणजे पहिलीत गेलेलं मूल चौथी-पाचवीत पोचलं, आणि त्या सगळ्या काळात त्याच्या शाळेबद्दल सभागृहात प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. या काळात शाळांबद्दल निर्णय झाले नाहीत असं मात्र नाही. भरपूर झाले. फक्त ते मंत्रालयातून खाली आले.

कायद्यात काय लिहिलं आहे

कायदा मात्र वेगळंच सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या कलम २१ नुसार सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. कलम २२ तर आणखी पुढे जातं. समितीनं शाळेचा विकास आराखडा करायचा आणि सरकारनं द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडाच असायचा.

हे वाक्य आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. गावातल्या शाळेतल्या आया-बाप बसून ठरवणार की आपल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी हवी, संरक्षक भिंत हवी, आणि त्यावरून वर पैशांची आखणी होणार. प्रत्यक्षात काय होतं? समग्र शिक्षा अभियानातून शाळेला मिळणारं एकत्रित अनुदान पटसंख्येच्या टप्प्यावर ठरतं. तीस ते शंभर मुलांच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये. त्यातच खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, आणि त्यातलेच किमान दहा टक्के स्वच्छतेवर. आराखडा केला काय, न केला काय, आकडा तोच. मग समितीच्या सभेत उरतं काय? इतिवृत्त, चहा आणि सह्या.

म्हणून कुठलाही जीआर हाती आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. निर्णय कुणी घेतला? तो निभावायला माणूस आणि पैसा कुणाचा? आणि बिघडलं तर मूल किंवा पालक कुणाकडे जाणार? या तीन प्रश्नांवर अलीकडचे चार निर्णय घासून बघू.

गणवेश: गेला आणि परत आला

पहिला सोपा आहे. मोफत गणवेशासाठी दोन जोडांचे मिळून मुलामागे ६०० रुपये मिळतात. पूर्वी ते समितीच्या खात्यावर येत. समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या शिंप्याकडे मापं देई. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ आलं. २०२४-२५ साठी कापडाची खरेदी वरून, शिलाई बचतगटांकडून. हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. बचतगटातल्या बायांना काम मिळावं, सगळ्या मुलांचे कपडे सारखे असावेत. पण ऑगस्ट उजाडला तरी अनेक शाळांत गणवेश पोचले नव्हते, आणि पोचले त्यांतल्या कित्येकांची मापं जुळत नव्हती. तिसरीतल्या मुलाची विजार पाचवीतल्या मुलाला आणि पाचवीतल्याची कुणालाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा समित्यांकडे दिलं.

यातून धडा एवढाच. मुलाचं माप मंत्रालयात घेता येत नाही. सरकारनं चूक दुरुस्त केली, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण वर्ष वाया गेलं ते जुन्या कपड्यांत बसलेल्या मुलांचं.

अंडं: ओझं खाली, पैसा वर

दुसरा निर्णय जास्त गंभीर आहे आणि त्याच्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की शालेय पोषण आहारात मुलांना आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. अंड्यामागे ५ रुपये धरले होते. पोषण आहाराचा केंद्राचा निकष असा आहे: प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. कागदावर ठीक आहे. पण ज्यांनी शाळेतलं वरण बघितलंय त्यांना ठाऊक आहे की वीस ग्रॅम डाळ पातेल्यात शोधावी लागते. अशा ताटात एक उकडलेलं अंडं ही छोटी गोष्ट नाही. त्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालून ते वाढवता येत नाही, आणि मिळालं की नाही हे पहिलीतलं पोरही घरी जाऊन सांगू शकतं. हिशेब ठेवायला इतका सोपा पदार्थ दुसरा नाही.

जानेवारी २०२५ च्या शेवटी नवा निर्णय आला. अंड्यांसाठी राज्याचा वेगळा निधी बंद. वर्षाकाठी सुमारे ५० कोटींचा हा खर्च. ज्या शाळांना अंडा पुलाव किंवा खीर, नाचणीसत्त्व असे गोड पदार्थ द्यायचे असतील, त्यांनी ते लोकसहभागातून द्यावेत.

‘लोकसहभाग’ हा शब्द ऐकायला छान आहे. म्हणायला हा निर्णय विकेंद्रीकरणाचा झाला: शाळेनं ठरवावं, गावानं द्यावं. पण जरा हिशेब करून बघा. साठ मुलांची शाळा समजा. अंडं सात रुपयांना धरा. आठवड्याला ४२० रुपये. दिवाळीनंतरचे तेवीस आठवडे धरले तर साडेनऊ हजारांच्या वर. रक्कम ऐकून शहरातला माणूस म्हणेल, यात काय मोठंसं. पण ही वर्गणी मागायची कुणाकडे? बीड जिल्ह्यातलं एखादं गाव घ्या. दिवाळी झाली की ऊसतोडीला गाड्या निघतात आणि गाव निम्मं रिकामं होतं. ज्यांची मुलं अंड्यावर खरोखर अवलंबून आहेत तेच पालक त्या महिन्यांत फडावर असतात. मग मुख्याध्यापकानं जायचं सरपंचाकडे, किराणावाल्याकडे. सदन गावात वर्गणी जमेल, दुष्काळी गावात जमणार नाही. म्हणजे जिथे अंड्याची गरज कमी तिथे ते मिळणार, जिथे जास्त तिथे नाही.

विकेंद्रीकरण आणि अंग काढून घेणं यांतला फरक इथे स्पष्ट होतो. गणवेशात समितीला पैसाही परत मिळाला आणि अधिकारही. अंड्यात फक्त ओझं मिळालं. दोन्ही निर्णयांत ‘शाळा स्तरावर’ हे शब्द आहेत. शब्द सारखे असले तरी एका निर्णयामागे ६०० रुपये आहेत, दुसऱ्यामागे एक वर्गणीची वही.

आणि अंड्याभोवतीचा जो दुसरा वाद, धर्माचा आणि आहाराचा, त्याबद्दल आमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. न खाणाऱ्याला फळाचा पर्याय आधीच होता. कुणाच्या ताटात बळजबरीनं काही पडत नव्हतं. खाणाऱ्याच्या ताटातून मात्र ते गेलं, आणि तो निर्णय मुलांच्या वजनाची नोंदवही बघून झाला नाही. तो आरोग्याचा निर्णय होता, पण झाला खर्चाच्या फायलीत.

ते अन्न शिजवणाऱ्या स्वयंपाकी ताईंचं मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने, हेही लक्षात असू द्या. मुलांच्या आरोग्याची पहिली पहारेकरी तीच आहे. तांदळात किडे आहेत का, तेलाला वास येतोय का, हे आधी तिला कळतं. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावी शाळेचं जेवण जेवून तेवीस मुलं दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. वाढण्याआधी अन्न चाखून बघायचा नियम आपल्याकडे आहेच. पण चाखणारीला ‘आज हे वाढायचं नाही’ म्हणायचा अधिकार हवा, आणि तो अडीच हजारांच्या कंत्राटी कामात सहसा येत नाही.

कॅमेरा, पेटी आणि शिपाई

आता बदलापूर. ऑगस्ट २०२४. पूर्वप्राथमिकच्या दोन लहान मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी. गुन्हा नोंदवून घ्यायला पालकांना तासन् तास बसावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, मध्य रेल्वेची वाहतूक दिवसभर थांबली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पुढे आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेला. त्या सगळ्याची चर्चा खूप झाली, ती आम्ही पुन्हा करत नाही. आम्ही बोलणार आहोत शाळा आणि शिक्षण विभाग यांनी काय ठरवलं त्याबद्दल.

आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, जीआर निघाला. महिन्याभरात सीसीटीव्ही बसवा, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून निदान तीनदा चित्रण तपासावं, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती स्थापन करा. यातल्या प्रत्येक गोष्टीला आमचा पाठिंबा आहे. पण वाचताना लक्षात येतं की यातलं बरंच काही नवं नाही. तक्रारपेटीचा आदेश २०१७ चा. सखी सावित्री समितीचा २०२२ चा. म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार पुष्कळसं स्वतःचेच जुने आदेश पुन्हा देत होतं. मधल्या सात वर्षांत ते पाळले गेले का, हे कुणी बघितलं? जुना जीआर का पाळला गेला नाही याचं एक वाक्य नव्या जीआरमध्ये असायला हवं होतं.

आता पेटीचंच बघा. पेटी भिंतीवर आहे. मूल चार वर्षांचं आहे. त्याला अजून ‘अ’ गिरवता येत नाही. ते चिठ्ठी कशी टाकणार? त्या मुलीनं काय केलं? तिनं घरी सांगितलं. दुखतंय म्हणाली. लहान मूल पेटीला काही सांगत नाही, ते माणसाला सांगतं. जिच्या कडेवर बसायची भीती वाटत नाही अशा एका बाईला सांगतं. मोठ्या मुलींसाठी पेटी उपयोगाची आहे, पण तिथे प्रश्न किल्लीचा. पेटी उघडायची कुणी? ज्याच्याविरुद्ध चिठ्ठी असण्याची शक्यता आहे त्याच्याच टेबलाच्या खणात किल्ली असेल, तर ती पेटी मुलांनी कधीच भरू नये हे शहाणपणाचं.

कॅमेऱ्याचंही तसंच. कॅमेरा दारावर हवा, व्हरांड्यात हवा, बसमध्ये हवा. पण स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. म्हणजे जिथे धोका सर्वांत जास्त तिथे यंत्र थांबतं आणि माणूस लागतो. दाराशी उभी राहणारी, मुलींना घेऊन जाणारी, परत वर्गात आणून सोडणारी एक बाई लागते.

ती बाई कुठे आहे? इथे आम्ही दुसरा एक जीआर तुमच्यापुढे ठेवतो, ज्याच्या मथळ्यात ‘सुरक्षा’ हा शब्द नाही. डिसेंबर २०२०. खासगी अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणी पदं, म्हणजे शिपाई, पहारेकरी वगैरे, ती रिकामी होतील तशी संपवायची आणि त्यांच्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता द्यायचा. ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. मोठ्या शहरांत १०,०००. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तर शिपाई बहुधा नसतोच. कुलूप शिक्षकच उघडतो, घंटा मुलंच देतात.

पाच हजारांत कोण मिळणार? एजन्सीकडून आलेला, आज आहे उद्या नाही असा माणूस. त्याचं नाव मुलांना माहीत नसतं आणि मुलांची नावं त्याला माहीत नसतात. जुना शिपाई काही देवमाणूस होता असं नाही. पण तो वीस-पंचवीस वर्षं त्याच फाटकावर असायचा. कुठलं पोर कुणाचं, कुणाला न्यायला कोण येतं, हे त्याला तोंडपाठ. अनोळखी माणूस आत शिरला तर त्याच्या लक्षात यायचं. पोलीस पडताळणीनं माणसाचा मागचा गुन्हा कळेल. रोजची ओळख मात्र नोकरी टिकण्यातून होते.

आता हे दोन कागद शेजारी ठेवा. २०२० चा कागद म्हणतो, माणूस कमी करा. २०२४ चा कागद म्हणतो, लक्ष ठेवा. मुलांच्या सुरक्षेचा निर्णय यांतल्या कुठल्या कागदावर झाला? आमच्या मते पहिल्या. त्या दिवशी कुणी रुळांवर उतरलं नाही, कारण तो आपल्याला सुरक्षेचा निर्णय वाटलाच नाही. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी विरोध केला, तर त्याकडे आपण ‘त्यांच्या नोकरीचा प्रश्न’ म्हणून पाहिलं.

नऊची शाळा

चौथं उदाहरण लहान आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळा उशिरा भरवा असं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. आरोग्याच्या दृष्टीनं निर्णय चांगला. पण सातची शाळा ही कुणाची हौस नव्हती. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरतं, कारण खोल्या नाहीत. खोली बांधायचा निर्णय न घेता घड्याळ बदलायचा निर्णय घेतला, की उरतं ते ‘अडचण असल्यास शिक्षणाधिकाऱ्यांशी संपर्क साधा’. मुलाची झोप ही शेवटी बांधकामाच्या निधीची बाब आहे.

गाव काही देव नाही

इथे कुणी म्हणेल, तुम्ही सगळं गावावर सोपवायला निघालात. तसं नाही. गाव म्हणजे काही देव नाही. समितीचा अध्यक्ष बऱ्याचदा सरपंचाच्या घरचा असतो. दलित बाईनं शिजवलेलं अन्न आमचं मूल खाणार नाही असं म्हणणारे पालकही याच देशातल्या गावांत आहेत, आणि अशा वेळी गावाचं बहुमत म्हणजे न्याय नव्हे. अत्याचाराची तक्रार दाबून टाकायला, ‘गावाची बदनामी नको’ म्हणायला गावच पुढे असतं. म्हणूनच पॉक्सो कायद्यात कलम १९ आहे. गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकानं ती कळवायलाच हवी, आणि न कळवणं हाही गुन्हा. इथे गावाला, संस्थेला, मुख्याध्यापकाला निवड नाही. नसावीच.

तेव्हा वाटणी अशी हवी. किमान काय द्यायचं ते राज्यानं ठरवावं, आणि ते पैशासकट ठरवावं: ताटात किती प्रथिनं, किती मुलांमागे किती मोठी माणसं, स्वच्छतागृहं किती. ते कसं करायचं हे समितीनं ठरवावं: शिंपी कुठला, अंडी कुठून, दाराशी कोणती ताई. अलीकडे नेमकं उलटं झालं. २०२४-२५ मध्ये गणवेशाचं कापड राज्यानं ठरवलं आणि अंड्याचा पैसा शोधायचं काम गावावर आलं.

खासगी विनाअनुदानित शाळा कलम २१ च्या बाहेरच आहेत, हेही सांगायला हवं. तिथे २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघ आहे, पण त्या कायद्याचा रोख फीवर. लाख रुपये भरणारा पालक फी किती यावर भांडू शकतो. बसमध्ये बाई का नाही, सफाईचं कंत्राट कुणाला दिलं, हे विचारायला त्याच्याकडे व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. (हशा)

पण समितीला पैसा आणि अधिकार दोन्ही मिळाले तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांची मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात, तीही बीडसारख्या जिल्ह्यांत, शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत. मूल आजी-आजोबांकडे निजतं, जेवण वसतिगृहात होतं, शाळा बुडत नाही आणि फडावरच्या थंडीतून, धोक्यातून ते वाचतं. त्यात खोट्या पटाच्या तक्रारी झाल्या आहेत, पैसे उशिरा येण्याचं दुखणं कायम आहे. ते झाकायचं कारण नाही. पण जिथे समिती जागी आहे तिथे ही योजना चालते, कारण कुठलं पोर कुणाच्या घरी झोपलंय हे तिला माहीत असतं. मंत्रालयाला ते कधीच माहीत होणार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. एक, शाळेतली माणसं, पैसा किंवा खोल्या कमी करणाऱ्या प्रत्येक शासननिर्णयात ‘याचा मुलांच्या सुरक्षेवर आणि आरोग्यावर काय परिणाम होईल’ असा परिच्छेद असावा. दोन, कलम २२ चा आराखडा खरोखर अनुदानाचा आधार करावा. आणि तीन, ही आपल्या हातातली गोष्ट आहे, समितीच्या पुढच्या सभेत सही करण्याआधी एवढंच विचारावं: पेटी शेवटची कधी उघडली? किल्ली कुणाकडे आहे? आणि आत काय होतं?



प्रश्नोत्तरांतून

*पालक सभेला येतच नाहीत, मग समितीला अधिकार देऊन काय उपयोग?*

सभा किती वाजता असते ते बघा. कामाच्या दिवशी सकाळी अकराला. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं दिवसाची मजुरी बुडवून फक्त सही करायला का यावं? जिथे सभा संध्याकाळी होते आणि तिथे खरोखर काही ठरतं, तिथे माणसं येतात. गणवेशाचं माप घ्यायच्या दिवशी शाळेत किती आया येतात, कुठल्याही शिक्षकाला विचारा.

*आम्ही शिक्षक आहोत. खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, आता कॅमेऱ्याचं चित्रण बघायचं. तुम्ही आणखी एक काम आमच्यावर टाकताय.*

नाही, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि आमचा मुद्दाही तोच आहे. समित्या फार झाल्या हे सरकारनंही मान्य करून २०२५ मध्ये त्या एकत्र करायचा निर्णय घेतला. पण समित्या कमी करून काम कमी होत नाही, माणूस वाढवून होतं. तुम्ही वर्गात शिकवत असताना स्वच्छतागृहाच्या दाराशी उभं राहू शकत नाही. ते तुम्हीच करा असं लिहिणारा कागद सुरक्षेचा नव्हे. उद्या काही घडलं तर दोष कुणाला द्यायचा, याची ती आगाऊ तजवीज आहे. पुढच्या वेळी असा कागद आला की समितीत ठराव करून त्याला उत्तर पाठवा: ‘काम मान्य आहे, माणूस द्या.’ आणि त्या ठरावावर पालकांच्या सह्या घ्या. त्या सह्या मात्र खऱ्या कामाच्या असतील.